आईच्या ताटातला भात

आई जाड होती तेव्हा मी पाहुण्यांसमोर तिच्या ताटातला भात काढून घ्यायचे. सत्तरीनंतर ती आपोआप बारीक व्हायला लागली, तर चिखलोलीच्या आमच्या सोसायटीत मीच मिरवत फिरले. तिचे ब्लाऊज उल्हासनगरच्या टेलरकडून दोनदा आत घेऊन आणले.

मग ती गॅसवर दूध ठेवून विसरायला लागली. अंबरनाथच्या डॉक्टरांनी आधी वजनाचंच विचारलं. मी फुशारकीने सांगितलं. ते म्हणाले, "उतारवयात आपोआप वजन उतरणं ही कधी कधी विसरण्याच्या आजाराची आधीची खूण असते. चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं, ते मेंदूलाही सांभाळत असावं, असं म्हणतात. तुम्ही तेव्हाच का नाही आणलंत?" काय सांगणार, टेलरकडे जात होते म्हणून?

घरी आल्यावर मी तिला भात वाढला, वर तुपाची धार सोडली. सकाळी जेवली होती की नाही, हेही तिला आठवत नव्हतं. तिने माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि ताट हळूच बाजूला सारलं.

"एवढा नको हो बाई. माझी मुलगी ओरडेल."