हार्ड डिस्कवरचं कुंकू

मी क्षमाशील माणूस नाही. वयाबरोबर होईन असं वाटलं होतं, पण कर्जतला ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तशी लक्षणं दिसत नाहीत. उलट निवृत्तीत सूड उगवायला भरपूर वेळ मिळतो, हे आधी कुणी सांगत नाही.

नोकरीत असतानाच मला शेतांची नावं गोळा करण्याची खोड लागली. सातबारावर गट नंबर असतो, पण घरात कुणी ‘दोनशे बाराला पाणी दे’ असं म्हणत नाही. ‘चिंचेच्या तुकड्यात जा’ म्हणतात, ‘रुसव्याच्या पट्टीत गवत काढ’ म्हणतात. आमच्याकडची शेतं मोठी डूख धरणारी आहेत. एका गावात ‘खोटारड्याचं टेपाड’ आहे. कधीकाळी कुणीतरी पंचांसमोर खोटी शपथ घेतली होती. कशाबद्दल घेतली, कुणी घेतली, हे सांगणारं माणूस आता उरलेलं नाही. हल्लीचे मालक अगदी सरळ आहेत, माळकरी आहेत. तरी टेपाड खोटारड्याचंच आहे. एवढा चोख न्याय मी कोर्टात पाहिलेला नाही.

एसटीनं गावोगाव हिंडून, म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसून नऊ वर्षं मी ही नावं वह्यांत उतरवली. मग ती घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केली आणि वह्या रद्दीत घातल्या. पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून मुलांना दंड करणाऱ्या माणसानं हे केलं. त्याबद्दल मी स्वतःलाही माफ केलेलं नाही, म्हणजे पक्षपाताचा आरोप माझ्यावर येऊ नये.

कॉम्प्युटर जुना होता. चालू केला की आधी विचार करायचा, मग आवाज, मग पडदा. एके दिवशी पडद्यावर सूचना आली की ही सिस्टीम आता जुनी झाली, यापुढे तिला संरक्षण मिळणार नाही. निवृत्त माणसाला अशी भाषा ओळखीची असते. मी चौकातल्या दुकानदाराला बोलावलं. त्याच्या पाटीवर ‘संगणक तज्ज्ञ व नेटवर्क सल्लागार’ असं होतं आणि गाव त्याला इंजिनिअर साहेब म्हणायचं. कशाचा इंजिनिअर, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

त्यानं दोन बटणं दाबली आणि डॉक्टरसारखा सुस्कारा सोडला. “सर, अपग्रेड मारावं लागेल.”

मी त्याला ‘शेतं’ नावाचा फोल्डर दाखवला आणि सांगितलं की आधी याची कॉपी काढा, मग काय ते मारा. तो हसला. “सर, हे आम्हाला सांगावं लागत नाही.”

डबा मोटरसायकलवर बांधून तो घेऊन गेला. पुढचे आठ दिवस मी फोन करायचो आणि तो निघालेलाच असायचा. दोनदा मिरजगावातून निघाला, एकदा राशीनहून. नवव्या दिवशी खरंच आला. मशीन झटक्यात सुरू झालं. पडद्यावर परदेशातलं हिरवं कुरण होतं. माझी शेतं मात्र नव्हती.

फोल्डर कुठं आहे, असं मी विचारलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे वळला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. विळी, कोयता, शिवणयंत्र, माझं पेन आणि कॉम्प्युटर. पहिल्याच वर्षी बायको म्हणाली होती की नुसत्या डब्याची कसली पूजा, हत्यार आत आहे. तेव्हापासून दरवर्षी मी डब्याच्या बाजूचं पत्र्याचं पान काढून द्यायचो आणि ती आतल्या डिस्कवरच्या कागदी लेबलाला हळद-कुंकवाचं एकेक बोट लावायची. तेही तेलात कालवून, म्हणजे उडायला नको. मी दरवर्षी थट्टा करायचो. ती दरवर्षी दुर्लक्ष करायची.

इंजिनिअर साहेब तिला म्हणाला, “काकू, तुम्ही आत कुंकू लावता ना? त्यानंच शॉर्ट झालं. डिस्क जळाली. मी टाकून दिली ती, नवीन बसवलीय.”

बायको वाद घालणारी आहे. त्या दिवशी तिनं वाद घातला नाही. चहाचे कप उचलून आत गेली. लेबलावरच्या बोटभर कुंकवानं डिस्क कशी जळेल, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मला त्यातलं कळत नव्हतं, आणि ज्याला कळत नाही तो पाटीवर विश्वास ठेवतो.

पुढचं वर्ष मी आठवणीतून नावं टाइप करत बसलो. निम्मीही आठवेनात. त्यातून नव्या सिस्टीमला जुना प्रिंटर ओळखू येईना. इंजिनिअर साहेबाला फोन केला की तो एकच मंत्र द्यायचा, “सर, रिस्टार्ट करून बघा.” प्रिंटर बंद पडला, रिस्टार्ट. आवाज गेला, रिस्टार्ट. नावं सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून जात होती, त्यांना ती सोय नव्हती.

त्या खंडेनवमीला बायकोनं विळी पुजली, शिवणयंत्र पुजलं, कॉम्प्युटरच्या बाजूलाही गेली नाही. कुंकवाचा करंडा झाकताना तिनं एवढंच विचारलं, “अहो, त्या नावांतली तुम्हाला किती तोंडपाठ आहेत?” नावं गेल्याचं दुःख मी सोसलं असतं. हा प्रश्न नाही सोसवला. पण तोवर सूड कुणावर उगवायचा हेच मला माहीत नव्हतं.

ते पुढच्या हिवाळ्यात कळलं. बायकोच्या माहेरच्या गावात शाळेच्या कॉम्प्युटर खोलीचं उद्घाटन होतं. इंजिनिअर साहेबानं वडिलांच्या स्मरणार्थ पाच ‘नवे’ कॉम्प्युटर दिले होते. फाटकात फ्लेक्स लागला होता, त्यावर गॉगल लावलेला त्याचा फोटो आणि खाली ‘तालुक्याच्या संगणकक्रांतीचे शिल्पकार’. अध्यक्ष मी होतो, कारण आधी विचारलेल्या दोघांना लग्नं होती.

भाषणांआधी पूजा होती. मुख्याध्यापक म्हणाले की ताई गावच्या लेक आहेत, पूजा त्यांच्याच हातून होऊ द्या. बायको ताट घेऊन एकेका मशीनपाशी जाऊ लागली. तिसऱ्या मशीनच्या बाजूचं पान काढून ठेवलं होतं. मशीन तापायचं म्हणून समोर टेबलफॅन लावला होता. तिथं तिचा हात थांबला.

“अहो, इकडं या जरा.”

मी वाकून पाहिलं. आतल्या डिस्कच्या लेबलावर एक पिवळा ठिपका होता आणि एक लाल, तेलानं कागदात मुरलेले. लाल ठिपक्यात तिरपी पांढरी रेघ होती. बायकोच्या अनामिकेच्या टोकाला लहानपणी खुरपं लागलेलं आहे, तिथं खाच आहे. आमच्या घरच्या प्रत्येक हत्यारावर ती रेघ उमटते. तिनं कुंकू घेतलं आणि जुन्या ठिपक्याशेजारी नवं बोट टेकवलं. तीच रेघ उमटली.

“ह्ये बोट माझं हाय,” ती म्हणाली. एरवी ती माझ्यासारखंच बोलते. माहेरच्या खोलीत उभी होती म्हणून की काय, तिकडचीच बोली आली.

इंजिनिअर साहेबाच्या अंगावर तोवर शाल आली होती. तो पुढं आला. “काकू, एका कंपनीच्या डिस्का सगळ्या सारख्याच दिसतात.”

“डिस्का सारख्या असतील. बोटं नसत्यात. तुमी म्हनला हुता, माझ्या कुंकवानं जळाली. मग ही चालतीया कशी?”

खोलीत गावातली पंचवीसेक माणसं होती.  मुख्याध्यापकांनी साहेबासाठी आणलेला हार टेबलावर ठेवून दिला.

मंचावर जाताना इंजिनिअर साहेब माझ्या कानाशी लागला. सगळं सांगितलं त्यानं. कॉपी काढायची राहिली, घाईत फॉरमॅट मारला, मग काय सांगावं सुचेना, तेवढ्यात कुंकू दिसलं; जुनी डिस्क ठेवून घेतली आणि तीच इथं बसवली. “सर, तुम्ही म्हणाल ते करतो. फक्त स्टेजवर नको.”

मी त्याचा मान राखला. अध्यक्षीय भाषणात त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ‘खोटारड्याचं टेपाड’ या एकाच विषयावर बोललो, सावकाश, त्याच्याकडे बघत. एरवी माझ्या भाषणात लोक उठून जातात. त्या दिवशी कुणी हललं नाही.

मग अटी घातल्या. शाळेच्या मशीनला खरोखरची नवी डिस्क. जुनी माझ्याकडे. आणि त्यातून जे परत निघेल ते माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून, माझ्यासमोर काढायचं.

तो चार रविवार आला. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो. पुसलेलं परत काढणारा प्रोग्रॅम मुंगीच्या पावलानं चालायचा आणि मध्येच अडकायचा. अडकला की मी हळू आवाजात विचारायचो, “रिस्टार्ट करून बघितलं का?” पहिल्या रविवारी तो हसला. तिसऱ्या रविवारी त्याच्या कपाळावर घाम होता. मला हे सांगायला लाज वाटत नाही.

एका दुपारी पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा ढीग आला. तो म्हणाला, “सर, हा कचरा आहे, डिलीट मारू?” मी त्याचा हात धरला. मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचो, तो फॉन्ट नव्या सिस्टीममध्ये नव्हता. फॉन्ट टाकायला लावला आणि कचऱ्यातून ओळ उभी राहिली: ‘रुसव्याची पट्टी’. बायको दारातून बघत होती. त्या दिवशी इंजिनिअरला आमच्याकडे पुन्हा चहा मिळाला.

बहुतेक नावं आली. सत्तावीस ठिकाणी मात्र गाव होतं, गट नंबर होता आणि नावाच्या जागी रिकाम्या चौकटी. मी शेवटची अट घातली. त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून मी त्या गावांना पुन्हा गेलो. एप्रिलच्या उन्हात, पांढऱ्या बुटांनी ढेकळं तुडवत, शिल्पकार स्वतः हाका मारायचे, “बाबा, या शेताला काय म्हणतात?” मी बाभळीखाली बसून लिहून घ्यायचो.

सव्वीस सापडली. सत्ताविसावं खर्ड्याच्या बाजूला होतं. ज्या म्हातारीनं मला ते सांगितलं होतं, ती मागच्याच वर्षी गेली होती. तिच्या मुलाला ठाऊक नव्हतं. “आमी आपलं वरलं वावर म्हनतो. आईला म्हाईत हुतं.” नाव कशानं गेलं, असं त्यानं विचारलं. मी मोटरसायकलपाशी उभ्या माणसाकडे बोट केलं आणि कुंकवासकट सगळी हकिगत सांगितली. तो शेतकरी बांधावर बसून पोट धरून हसला. मी त्याच्यासमोरच वहीत लिहिलं: ‘इंजिनिअरनं बुडवलेलं’.

“चालंल का तुम्हाला?” मी विचारलं.

“बिननावाचं ऱ्हाण्यापरीस बरं की.”

 परत येताना इंजिनिअर साहेब मान न वळवता म्हणाला, “सर, तेवढं एक नाव यादीतून काढा ना. माझी पोरं आहेत.” मी म्हणालो, विचार करतो. विचार केला आणि काढलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला बायकोनं मला पान काढायला लावलं आणि नव्या डिस्कला बोट लावलं. त्याच आठवड्यात पेरणीचं विचारायला मी त्या शेतकऱ्याला फोन केला. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. तो ओरडून म्हणाला, “गुरुजी, सांच्याला करा फोन. आत्ता मी इंजिनिअरच्या बुडवल्यात हाय.”