कलमाखालचा फुटवा

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कटिंग मास्तर. शर्टांच्या कारखान्यात अडतीस वर्षं त्यांनी कापड कापलं. टेबलावर थरावर थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं रेघा मारायच्या आणि कात्री घालायची. चुकलं तर सगळे थर एकदम वाया. त्यांचा हात कधी चुकला नाही, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत.

त्यांच्या कात्रीला शत्रू एकच, बायको. गॅलरीत तिचा लाल गुलाब होता. दरवर्षी थंडी पडायच्या आधी ती मास्तरांची कापडाची कात्री गुपचूप उचलायची आणि झाड छाटून बोडकं करायची. मग मास्तरांचं डोकं फिरे.

"ती काय झाडाला लावायची कात्री आहे?"

"मग काय दातांनी कुरतडू?"

पुढे चार दिवस अबोला. पण फुलं आली की हेच गृहस्थ शेजाऱ्यांना हाताला धरून गॅलरीत आणत, जणू झाड यांनीच वाढवलंय.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. आठ दिवसांचं आजारपण, संपलं. लोकांच्या सांगण्यावरून तिच्या वस्तू मास्तरांनी वाटून टाकल्या. गुलाब राहिला. याला आता कात्री लावायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. आयुष्यभर कापाकापी केलेल्या माणसाला पहिल्यांदाच कशावर तरी पातं चालवायची भीती वाटली.

झाड मात्र फोफावलं. बुंध्यातून लांबच लांब फांद्या निघाल्या, गजांतून बाहेर पडल्या, छताला टेकल्या. खालच्या मजल्यावरचे लोक काटे टोचल्याची तक्रार घेऊन आले, तेव्हा मास्तरांना रागाऐवजी अभिमानच वाटला. सकाळी पाणी घालताना ते झाडाशी बोलत. गुडघा दुखतोय, पाणी आज उशिरा आलं, असलंच काहीतरी. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणारे शब्द बहुतेक तेवढेच. फूल मात्र तीन वर्षांत एकही नाही. "रुसलंय, येईल," असं ते स्वतःलाच सांगत.

मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, परगावी रोपवाटिका चालवायची. हा गुलाब तिनंच कलम करून बहिणीला दिलेला. बहीण गेल्यावर तिचा फोन सहा महिन्यांतून एखादा येई, तोही तब्येतीची चौकशी करून संपे. अशाच एका फोनवर मास्तरांनी बढाई मारली, "तुझ्या ताईचं झाड छताला लागलंय, येऊन बघ." आणि कधी नव्हे ती धाकटी खरंच आली.

गॅलरीत तिनं छतापर्यंतच्या फांद्या खालवर निरखल्या. मग बुंध्याजवळ वाकून तिनं माती बाजूला केली.

"भावोजी, हे ताईचं झाड नाही."

"नाही कसं? कुंडी तीच आहे की!"

"कुंडी तीच आहे. हा सांधा बघा. याच्या वरचं तुमचं लाल कलम. खाली मुळं असतात ती जंगली गुलाबाची. या सगळ्या फांद्या सांध्याच्या खालून आल्यात. खालचा फुटवा काढला नाही तर तो वरच्याला उपाशी मारतो. ताई छाटताना हाच तर काढायची."

मास्तर सांधा बघायला खाली वाकले. तिनं नखानं कलमाची साल खरवडली. आत तपकिरी. आणखी खाली खरवडली, तर बोटभर जागेत हिरवा रंग दिसला.

"जगलं तर एवढंच जगेल. पण त्यासाठी बाकीचं सगळं कापावं लागेल." मग त्यांचा चेहरा बघून म्हणाली, "नाहीतर राहू द्या भावोजी. हिरवं तर आहे ना. सोबत होते तुम्हाला."

ते दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. ज्याच्याशी तीन वर्षं मन मोकळं केलं, त्यानंच तिचं झाड खाल्लं होतं, आणि खाऊ घालणारे ते स्वतः. तरी तेच त्यांचं एकुलतं एक माणूस. तिसऱ्या सकाळी त्यांनी कात्री घेतली आणि एकेक फांदी मुळापासून काढली. हात एकदाही चुकला नाही, पण डोळ्यांचं पाणी काही थांबेना. गॅलरीत लख्ख ऊन आलं आणि मास्तरांना भयंकर एकटं वाटलं.

फांद्या कापल्याचं त्यांनी धाकटीला कळवलं होतं. रविवारी तिचा फोन आला. "फुटलं का?"

नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण तिच्या आवाजात इतकी आस होती की ते म्हणून गेले, "हो, कलमावर डोळा फुगलाय, कोंब येईल आता."

ती केवढी आनंदली! अर्धा तास बोलली. ताईच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, मास्तर हसलेसुद्धा. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. तेव्हा दोन पानं आली. मग कोवळी लालसर फांदी आली. रविवार उजाडला की मास्तर दाढी करून फोनपाशी बसू लागले.

"आता कळी धरायला हवी," धाकटी एकदा म्हणाली. "दिसली की लगेच सांगा, मी येतेच. दोन दिवस राहीन."

मास्तरांनी गॅलरीकडे पाहिलं. कुंडीत बोटभर वाळकं लाकूड उभं होतं, महिन्याभरापूर्वीच ते आतपर्यंत काळं पडलेलं.

"अजून वेळ आहे गं," ते म्हणाले. "तू पुढच्या रविवारी फोन कर. तेव्हा सांगतो."