ठप्पाबाई आणि माझी डावी चप्पल

मूल गावच्या समस्त रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या ओट्यावरून नाहीशी झालेली डाव्या पायाची चप्पल सापडली आहे. ती माझ्या भाचीच्या लग्नाच्या साडीवर मोहाच्या पानांच्या रूपात ओळीने उमटलेली आहे. धुऊन निघणार नाही.

चोर कोण, हे गल्लीत विचारावं लागलं नाही. ठप्पाबाई समोरून आल्या की आधी तुमच्या पायांकडे पाहायच्या, मग तोंडाकडे. रबरी चपलेचा तळ कापायचा, त्यावर ब्लेडने पान-फूल कोरायचं, ते लाकडी ठोकळ्याला चिकटवायचं आणि पक्की शाई लावून कापडावर दाबायचं. उशांचे अभ्रे, दुपट्टे, अख्खी गल्ली त्यांनी अशी छापून काढली होती. नवं रबर चालत नसे. "नवी चप्पल शाई धरत नाई, भाऊ. चालून चालून घासली पाह्यजे," म्हणायच्या. माझ्या चालण्याचं एवढं कौतुक दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. भाची प्रज्ञाने हट्ट धरला, आईचीच नेसणार. आई, म्हणजे माझी ताई, आता नाही. पेटीतून साडी काढली तर काठापासून पदरापर्यंत गंजाचे डाग. ठप्पाबाईंनी ती बोटांनी चाचपली.

"पानाखाली झाकते. पण पोरी, ही शाई बसली का बसली. चुकली त तुह्या मायची साडी गेली."

"छापा," प्रज्ञा म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

छापताना कोणी बोलायचं नाही, हा बाईंचा कायदा. "बोलान त माहा हात हालते." मी हमखास बोलणार, म्हणून साडीचं एक टोक माझ्याच हातात दिलं. आणि नेमक्या त्याच वेळी नवरदेवाची आत्या टपकली! या आत्याबाईंच्या घरी चपला फाटकाच्या बाहेर काढाव्या लागतात. आमच्याकडेही त्यांनी स्वतःच्या चपला फाटकाबाहेरच काढल्या.

"ठप्पा कायचा हाय?" त्यांनी विचारलं.

"सागवानी," मी वनखात्याच्या साहेबासारखा चेहरा करून सांगितलं.

पानं उमटत गेली, डाग बुडत गेले. उरला पदरावरचा सगळ्यात मोठा डाग. बाईंनी ठप्पा उचलला, आणि थबकल्या. रबर मधोमध तडकलं होतं. बाकीचे ठप्पे मोरांचे आणि मासोळ्यांचे. ताटलीतली शाई वाळत चाललेली. नवी कालवली असती तर रंग जुळला नसता. प्रज्ञाची नजर त्या डागावरून हलेना.

बाईंची नजर मात्र हळूहळू खाली उतरू लागली. मी पाय मांडीखाली ओढून घेतले.

"भाऊ, उजवी कुठी हाय?"

"काय उजवी?"

"चप्पल! डावीचा ठप्पा फुटला ना!"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सागवान माझ्या तोंडातच वाळलं. शेवटी प्रज्ञाच उठली. डावी कधीतरी परत येईल या आशेवर मी जपलेली उजवी चप्पल तिने मोरीत घासून धुतली आणि बाईंपुढे ठेवली. ब्लेड कर्र कर्र चालू लागलं. तेवढ्यात आत्याबाई पदर खोचून उठल्या. मी मनातल्या मनात लग्न मोडलं, मंडपवाल्यालाही नको म्हणून सांगून टाकलं. पण त्या दाराकडे गेल्याच नाहीत. साडीशी येऊन वाकून उभ्या राहिल्या.

बाईंनी पान दाबलं. उचललं. डाग गेला होता. हे पान कोणतं आणि आधीची कोणती, मला ओळखता येईना. प्रज्ञा पदराला हात न लावता नुसती त्यावर फुंकर घालत बसली, बराच वेळ.

ठप्पाबाई आता लेकीकडे बल्लारपूरला असतात. मी अजूनही घासलेल्या चपला ओट्यावरच काढतो. कोणी नेत नाही.

त्या दुपारी, ते शेवटचं पान उमटल्यावर, बोलायची पहिली हिंमत केली ती आत्याबाईंनी. ओल्या पानावरची नजर न काढता त्या एकदम बोलून गेल्या, "बाई, माह्याबी दोन्ही घासल्या हायेत, फाटकाबाहेर ठेवल्या. आणू का?"