वापस जायचे नग

लोणारच्या सरोवरातला गाळ तपासायला परदेशी कंपनीनं तात्पुरती यंत्रं आणली होती. यादीतला प्रत्येक नग परत त्यांच्या देशात गेलाच पाहिजे, असा नियम. यादी सांभाळायला मेहकरचे एक भाऊ होते. जेवतानाही ते नग मोजायचे. शेळी जवळून गेली तरी तिच्या तोंडात डोकावायचे.

सातवीत शाळा सोडून कोकणातून आलेला मी हमाल. माझ्या हातून काचेची नळी फुटली. नोकरी जाईल या भीतीनं मी तुकडे पुरायला घेतले, तेवढ्यात भाऊ आले.

"काऊन पुरून राह्यला बे? फुटलेली वापस जाते, हरपलेली नाई जात."

गुडघ्यांवर बसून त्यांनी तुकडा न् तुकडा वेचला आणि यादीत लिहिलं, 'नळी एक, फुटलेली.'

कंपनीच्या साहेबानं यादी पाहून विचारलं, "कोणी फोडली?"

भाऊ म्हणाले, "यादीत तो रकानाच नाई, साहेब."