भावजींचा खोकला

लिही बाळा, तुझ्या धाकट्या आजोबांचं. माझा हा दीर जन्मभर खाणीच्या कँटीनमध्ये चहा ओतत बसला, खाली एकदाही उतरला नाही. आता समुद्रावर सुट्टीला आलेल्यांना कड्यावरच्या वाटेनं पडकी खाण दाखवत हिंडतो, अन् मधेमधे खोल खोकतो. काल मीही मागून गेले. बघते तर डोक्यावर तुझ्या आजोबांचं हेल्मेट! पट्टा शिवून आणतो म्हणून नेलेलं.

म्हणतो कसा, "यानंच माझा जीव वाचवला."

मी म्हटलं, "भावजी, किटलीतून दगड कधी पडले हो?"

पाहुणे फिदीफिदी हसले.

"वहिनी, लोकांसमोर नको ना!"

हेल्मेट काढून घेतलं. ते घालून खाली उतरायचा तो माणूस माझा होता. खोकला राहू दे म्हटलं त्याला. विडीचा का होईना, स्वतःचा आहे.