स्वेटरपुरता जांभळा

माझा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, पाट्या रंगवतो. ‘येथे गाड्या लावू नयेत’ ही त्याची सर्वांत गाजलेली कृती. तिच्याखाली सगळीकडे गाड्या लागलेल्या असतात. ‘दुकान बंद आहे’ ही पाटी तर तो इतकी देखणी काढतो, की एका चपलावाल्याने ती दुकान सताड उघडं असताना दर्शनी भागात लावली होती.

हे झालं पोटाचं काम. मनाचं काम दुकानामागच्या खोलीत. तिथे भल्यामोठ्या प्लायवूडवर तो अकरा वर्षं समोरचा रस्ता रंगवतोय. अट एकच: गिऱ्हाइकाच्या कामातून उरलेला रंगच वापरायचा. त्यामुळे दाताच्या डॉक्टरने निळी पाटी सांगितली, तेव्हा कुठे आभाळ आलं. झाडांना पालवी फुटली ती औषधाच्या दुकानाच्या कृपेने. मधे दोन वर्षं नुसत्या पिवळ्या पाट्या निघाल्या, तर चित्रातल्या कुत्र्यालासुद्धा कावीळ झाली.

“अरे, एक डबा विकत आणायला काय होतं?” मी एकदा विचारलं.

“दादा, विकत आणला की मी माझंच गिऱ्हाईक होणार. मग रोज माझ्याच डोक्यावर उभा राहणार, झालं का, कधी देताय!”



चित्रात एका बाल्कनीत माझी बहीण उभी आहे. चेहरा हुबेहूब, नाकावरच्या रागासकट. गळ्याखाली मात्र कोरी पांढरी. कारण तिथे हवा तो जांभळा स्वेटर, ज्यात तिला पहिल्यांदा बघून हा शिडीवरून पडला होता. आणि जांभळी पाटी कुणालाच नको. लाल-निळा मिसळून पाहिला, तर वांगं झालं.

“सहा वर्षं मी प्लास्टरमध्ये उभी आहे,” बहीण म्हणायची.

अशात वाचनालयाने आपल्या हॉलमध्ये ते चित्र लावायचं ठरवलं. हाताशी दहा दिवस. मेहुण्याने दाताच्या डॉक्टरला गाठलं. “पाटी जुनी झाली, डॉक्टर. जांभळी करू?”

“जांभळ्या हिरड्या आठवून पेशंट पळतील!”

मग चष्मेवाला. तो म्हणाला, “लोकांना सगळं जांभळं दिसायला लागलं की ते माझ्याकडे येतात. मीच आधी दाखवू?”

त्या दिवशी जेवताना मेहुण्याने पोळीचे नुसतेच तुकडे केले. शेवटी म्हणाला, “नाही पाठवत चित्र. अर्धवट बायको लोकांना दाखवायची नाही.”

बहिणीने नुसती आमटी वाढली, तिथेच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती घरातल्या जिन्याने न येता रस्त्यावरून, पर्स घेऊन, दुकानात शिरली.

“अहो पेंटर, पाटी करायचीय.”

“अगं, पण...”

“अगं काय? गिऱ्हाइकाशी नीट बोला. जांभळ्यावर पांढरी अक्षरं. वहीएवढी. परवा पाहिजे.”

“मजकूर?”

“आत चित्रकार काम करत आहेत. उगाच हाका मारू नयेत.”

मेहुण्याने ते लिहून घेतलं, मग चष्मा पुसला. हाताला रंगाचं फडकं लागलं होतं, त्यामुळे काचा हिरव्या झाल्या. तो तसाच जांभळ्याचा डबा आणायला निघाला.

जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला चित्रकार म्हटलं होतं, तेही पाटीवर. हात आवरेना. वहीएवढी सांगितलेली पाटी दाराएवढी झाली. रंगाचे तीन हात काय, अक्षरांना सावल्या काय! भानावर आला तेव्हा डब्याच्या तळाशी चार चमचे जांभळा शिल्लक होता.

तरी चित्र हॉलमध्ये लागलं. स्वेटर अस्सल जांभळा, फक्त डावी बाही पांढरी. दाताचे डॉक्टर जवळ जाऊन निरखत म्हणाले, “वहिनींचा हात मोडला होता वाटतं?”

“नाही हो,” बहीण म्हणाली, “आमच्या पेंटरला माप कळत नाही.”

मग नवऱ्याकडे वळली. “अहो, आणखी एक पाटी लिहून घ्या. आणि या वेळी वहीएवढी म्हणजे वहीएवढी!”