सुतकातली ड्यूटी

नवऱ्याचं रक्षाविसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, मला आजच बेळगावला जायला पाहिजे.

ती नर्सिंगच्या डिग्रीला आहे, शेवटचं वर्ष. बारावीला सायन्स, मग सीईटी, मग चार वर्षं, एवढंच मला ठाऊक होतं. वर्गातले तास थोडे बुडाले तर चालतात, पण दवाखान्यातली ड्यूटी पुरी केल्याशिवाय डिग्री मिळत नाही, हे त्या सकाळी कळलं. तिची ड्यूटी आता बाळंतपणाच्या वॉर्डात लागली होती. नेमून दिली तेवढी बाळंतपणं तिनं स्वतःच्या हातानं करायची होती. ती ड्यूटी हुकली तर परीक्षाही पुढं जाणार होती.

सोप्यात भावकी बसली होती. थोरले दीर म्हणाले, "सुतकातली पोर बाळंतिणीला हात लावणार?"

"आप्पा, हातमोजे असत्यात."

"सुतकाला हातमोजं घालतीस व्हय गं?"

कुणीतरी हसलं आणि माझ्याकडं बघून गप्प झालं.

"उत्तरकार्य होऊ दे, मग जा. न्हाय तर तुझ्या आईला इचार."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दिरांपुढं मी कधी बोललेली नाही. त्या दिवशी तर बोलावं असंही काही वाटत नव्हतं. रडूही येत नव्हतं. मी आत गेले, फणी आणि तेलाची बाटली घेऊन आले.

सुतकात आमच्यात बायका केस विंचरत नाहीत, तेल लावत नाहीत. ड्यूटीवर मात्र अंबाडा घट्ट लागतो, केस सुटलेले दिसले तर मॅडम वॉर्डात घेत नाहीत. मी लेकीच्या मागं बसले आणि तिचा गुंता सोडवायला लागले.

"आगं, काय करालीस?" जाऊ म्हणाली.

मी तेल लावलं. अंबाडा घातला, जाळी बसवली. तोवर दीर उठून बाहेर गेले होते. लेक पिशवी घेऊन निघाली. मी उंबऱ्यापर्यंतच गेले.

दिवसभर मी भिंतीला टेकून बसले. सुतकाचा हात लागून त्या बाळंतिणीला काही झालं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिनं एका बाईचं बाळंतपण केलं होतं, मुलगी झाली होती.

"बाळंतीण बरी हाय न्हवं?" मी विचारलं.

"दोघीबी बऱ्या हाईत, आई."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. रडू तेव्हाही आलं नाही.